भट्टीची तार निवडताना: संमिश्रांचा विद्युतरोध आणि कॉइलचा हिशेब

हार्डनिंगच्या (पोलाद तापवून कठीण करण्याच्या) एका लहान भट्टीची कॉइल एकाच पावसाळ्यात तीनदा जळाली, तेव्हा मी तारेचा हिशेब पहिल्यांदा मुळापासून मांडला. भट्टी कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपातील होती. तिची आतली पोकळी 20 सेंटीमीटर रुंद, 20 सेंटीमीटर उंच आणि 30 सेंटीमीटर खोल होती, आणि तिच्यात बहुतेक वेळा ओएचएनएस (तेलात बुडवून कठीण करायच्या) पोलादाचे पंच व डाय 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले जात. दर वेळी दुकानात जाऊन ‘230 व्होल्टची, तीन किलोवॅटची कॉइल’ मागितली जाई, आणि मिळालेली कॉइल खरोखरच तीन किलोवॅटची असे. क्लॅम्प मीटर 13 अँपिअर दाखवी, भट्टी वेळेत तापे, आणि तरीही पाच-सहा आठवड्यांत कुठेतरी तार तुटे.

वॅट बरोबर असूनही तार चुकीची असू शकते, ही गोष्ट कॉइल विकत घेताना सहसा बोलली जात नाही. समान व्होल्टवर समान वॅट देणाऱ्या सर्व कॉइलींचा एकूण रोध सारखाच असतो, पण तो रोध बारीक तारेच्या थोड्या लांबीत बसवता येतो किंवा जाड तारेच्या मोठ्या लांबीत. भट्टीचे आयुष्य या निवडीवर अवलंबून असते. ती डोळसपणे करायची तर तार कोणत्या संमिश्राची आहे, तिचा रोध किती आहे आणि तिच्या पृष्ठभागावर किती भार येणार आहे, हे तीन आकडे स्वतः काढता आले पाहिजेत. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत धातू वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांचे शास्त्र वेगळे आहे. हा लेख हार्डनिंग, टेंपरिंग, अ‍ॅनीलिंग किंवा ओतकामातील वाळूचे कोअर वाळवणे अशा कामांच्या, तारेवर चालणाऱ्या लहान भट्ट्यांसाठी आहे.

मिश्रणाचा रोध सरासरीइतका का नसतो

संपूर्ण लेखभर मी रोधकतेसाठी एकच सोयीचे माप वापरणार आहे: एक चौरस मिलिमीटर काटछेद असलेल्या एक मीटर लांब तारेचा रोध किती ओहम. शास्त्रीय तक्त्यात मायक्रोओहम-मीटरमध्ये दिलेला आकडा आणि हा आकडा एकच असतो, त्यामुळे रूपांतर करावे लागत नाही.

या मापाने तांबे सुमारे 0.017, निकेल 0.07, लोखंड 0.10 आणि क्रोमियम 0.13 आहे. आता 80 भाग निकेल आणि 20 भाग क्रोमियम एकत्र वितळवले (यालाच 80-20 नायक्रोम म्हणतात), तर सरासरी काढणाऱ्या माणसाला उत्तर 0.08 च्या आसपास यावे असे वाटेल. प्रत्यक्षात ते सुमारे 1.09 येते, म्हणजे दोन्ही घटकांपेक्षा कितीतरी अधिक. तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणाचेही तसेच आहे. 55 भाग तांबे आणि 45 भाग निकेल असलेल्या कॉन्स्टंटनची रोधकता सुमारे 0.49 आहे, म्हणजे तांब्याच्या जवळजवळ तीसपट आणि निकेलच्या सातपट.

याचे कारण धातूच्या आतील मांडणीत आहे. शुद्ध धातूत अणू एका ठरावीक जाळीत रांगेने बसलेले असतात, आणि मांडणी पूर्णपणे नियमित असेल तर इलेक्ट्रॉन तिच्यातून फारसे न अडखळता पुढे जातात. अडथळा येतो तो मुख्यतः अणूंच्या थरथरण्याचा. तापमान वाढले की थरथर वाढते आणि रोधही वाढतो. संमिश्रात मात्र निकेलच्या जाळीत जागोजागी क्रोमियमचे अणू कोणत्याही क्रमाशिवाय येऊन बसतात. मांडणीच विस्कटलेली असल्यामुळे इलेक्ट्रॉन पावलोपावली विखुरले जातात, आणि हे विखुरणे धातू थंड असला तरी चालूच राहते.

ऑगस्टस मॅथिसेन यांनी 1860 च्या दशकात प्रयोगांतून दाखवलेला नियम याच चित्राशी जुळतो: धातूचा एकूण रोध म्हणजे तापमानामुळे येणारा भाग अधिक परक्या अणूंमुळे येणारा भाग. शुद्ध तांब्यात पहिला भाग जवळजवळ सर्वस्व असल्याने त्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. नायक्रोममध्ये दुसरा भाग इतका मोठा असतो की पहिला त्यात झाकला जातो. खोलीच्या तापमानापासून 1000 अंशांपर्यंत त्याचा रोध फक्त पाचेक टक्के वाढतो. जुन्या टंगस्टनच्या बल्बशी तुलना केली की याचे महत्त्व कळते. बल्बची तार शुद्ध धातूची असल्याने पेटलेली असताना तिचा रोध थंड असतानाच्या दहापटीहून अधिक असतो, म्हणून बटण दाबताच पहिल्या क्षणी खूप मोठा प्रवाह धावतो. नायक्रोमच्या भट्टीत असा धक्का बसत नाही. सुरू करताना आणि तापल्यावर अँपिअर जवळजवळ सारखेच दिसतात.

परक्या अणूंचा हा परिणाम नेहमी हवासा नसतो. ऑक्सिजन काढण्यासाठी तांब्यात टाकलेला फॉस्फरस शंभरात 0.04 भागाइतका जरी शिल्लक राहिला, तरी तांब्याची वाहकता सुमारे 15 टक्के किंवा त्याहूनही अधिक घटते. नळीसाठी उत्तम असलेले तांबे बसबारसाठी, म्हणजे वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्यांसाठी, वापरू नये, ते याचसाठी. ओतकाम करणाऱ्यांच्या हाताखालून रोज जाणाऱ्या करड्या बिडातही सिलिकॉन आणि ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे साध्या पोलादाच्या कित्येक पट रोध असतो. म्हणूनच क्रेनच्या मोटारींसाठी एके काळी बिडाच्या ओतलेल्या जाळ्या रोधक म्हणून वापरत असत.

हातातील तार कशाची आहे, हे ओळखणे

बाजारात लोह, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या प्रत्येक तारेला सरसकट ‘कँथल’ म्हटले जाते, आणि चकाकणाऱ्या बाकी प्रत्येक तारेला ‘नायक्रोम’. गुंडाळीवर चिठ्ठी असेलच असे नाही. तीन सोप्या कसोट्या लावल्या की बहुतेक वेळा खात्री पटते.

पहिली कसोटी चुंबकाची. लोह-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमची तार खोलीच्या तापमानाला चुंबकाला स्पष्टपणे चिकटते, तर 80-20 नायक्रोम चिकटत नाही. मात्र 304 प्रकारचे स्टेनलेस स्टीलही चिकटत नाही (तार ओढताना त्यात थोडे चुंबकत्व येऊ शकते), त्यामुळे ‘चिकटली नाही म्हणजे नायक्रोम’ असा निष्कर्ष घाईचा ठरेल.

दुसरी कसोटी रोधाची, आणि हीच निर्णायक आहे. साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवर एक मीटर तार मोजू नये, कारण मीटरच्या दोन वायरी आणि टोकांचे स्पर्श यांचाच रोध ओहमच्या काही दशांशांइतका भरतो, आणि मोजायचा आकडाही तेवढाच असतो. त्याऐवजी चार टोकांची पद्धत वापरावी. लाकडी फळीवर सव्वा मीटर तार ताणून बसवावी. 12 व्होल्टची बॅटरी, गाडीच्या इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब, अँपिअर मोजणारा मीटर आणि ही तार अशी एकामागोमाग जोडणी करावी, म्हणजे तारेतून दीड ते पावणेदोन अँपिअर प्रवाह जाईल. मग दुसऱ्या मीटरची दोन टोके प्रवाहाच्या चिमट्यांच्या आतल्या बाजूला, एकमेकांपासून मोजून एक मीटर अंतरावर टेकवून व्होल्ट वाचावेत. व्होल्ट मोजणाऱ्या वायरींमधून प्रवाह जवळजवळ जातच नाही, त्यामुळे त्यांच्या रोधाने उत्तर बिघडत नाही. 1.60 अँपिअरला 1.12 व्होल्ट आले, तर तारेचा रोध मीटरला 0.70 ओहम झाला.

आता मायक्रोमीटरने तारेचा व्यास मोजावा. तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजून सरासरी घ्यावी. काटछेद व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने व्यासातील एक टक्का चूक रोधकतेत दोन टक्के होऊन येते. 16 गेजची तार 1.626 मिलिमीटर व्यासाची असते आणि तिचा काटछेद 2.08 चौरस मिलिमीटर येतो. 0.70 ला 2.08 ने गुणले की 1.45 मिळतात. हा आकडा कँथलच्या ए-1 या उच्च प्रतीचा आहे. 1.35 च्या आसपास आला तर अ‍ॅल्युमिनियम कमी असलेली खालची प्रत, 1.09 ला 80-20 नायक्रोम, 1.11 च्या आसपास लोखंड मिसळलेले स्वस्त नायक्रोम, आणि 0.72 ला 304 स्टेनलेस. नायक्रोम म्हणून आलेल्या एका गुंडाळीचा आकडा माझ्या फळीवर 0.73 निघाला होता. ती तार भट्टीत गेली असती तर काही दिवसांतच खपल्या सुटून संपली असती.

80-20 आणि लोखंड मिसळलेले नायक्रोम यांचे आकडे इतके जवळ आहेत की घरगुती मोजणीत ते वेगळे काढणे कठीण जाते. तिथे पुरवठादाराकडून चाचणीचा दाखला मागणे हाच मार्ग आहे. तिसरी कसोटी वजनाची: नायक्रोमची घनता सुमारे 8.4, कँथल ए-1 ची सुमारे 7.1 आणि स्टेनलेसची सुमारे 7.9. तार पुरेशी लांब असेल आणि काटा ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा असेल, तर ही कसोटीही उपयोगी पडते.

जळालेल्या त्या तीन कॉइलींची तार मी याच फळीवर मोजली. रोधकता 1.45 निघाली, म्हणजे संमिश्र अस्सल होते आणि विकणाऱ्याने फसवले नव्हते. व्यास मात्र 1.22 मिलिमीटर होता, म्हणजे तार 18 गेजची होती. दोष कुठे होता ते पुढच्या हिशेबात दिसेल.

नायक्रोम घ्यावे की कँथल

नायक्रोमचे पेटंट अल्बर्ट मार्श यांनी अमेरिकेत 1906 साली मिळवले, आणि आज घराघरांत असलेली इस्त्री, टोस्टर व गिझर त्या तारेमुळेच शक्य झाले. लोह-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमचे संमिश्र स्वीडनमधील हान्स फॉन कान्त्सोव्ह यांनी विकसित केले, आणि 1931 साली त्यांनी हॉल्स्टाहामर येथे स्थापन केलेल्या कंपनीचे ‘कँथल’ हे नाव पुढे अशा सगळ्याच तारांना चिकटले.

दोन्ही तारा तापल्यावर टिकतात त्या स्वतःच्या गंजामुळे. नायक्रोमवर क्रोमियम ऑक्साइडचा आणि कँथलवर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा घट्ट थर चढतो आणि तो आतल्या धातूपर्यंत हवा पोहोचू देत नाही. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर अधिक भक्कम असल्याने कँथल ए-1 ची तार 1400 अंशांपर्यंत चालते, तर 80-20 नायक्रोमची मर्यादा सुमारे 1200 अंश आहे. हे आकडे तारेच्या स्वतःच्या तापमानाचे आहेत, भट्टीच्या नव्हेत. तार भट्टीच्या हवेपेक्षा नेहमीच, बहुधा पन्नास ते शंभर अंशांनी किंवा त्याहूनही अधिक, तापलेली असते.

कँथलचा मोठा दोष असा की एकदा तापल्यानंतर त्यातील कण वाढतात आणि तार थंड असताना काचेसारखी ठिसूळ होते. नायक्रोम वर्षभर वापरल्यानंतरही वाकवता येते. तापलेल्या अवस्थेतही कँथल नरम पडते आणि आधार नसेल तर ओघळते. म्हणून तार उघडी लटकवायची असेल, भट्टीला धक्के बसत असतील किंवा तापमान 900 अंशांच्या आतच राहणार असेल, तर मी नायक्रोम निवडतो. तार खाचेत नीट टेकणार असेल आणि तापमान अधिक असेल तर कँथल घ्यावे.

आतील वायूचाही विचार करावा. कटिंग ऑइल लागलेला माल तसाच भट्टीत टाकला तर तेलातील गंधक आणि क्लोरीन तारेवर हल्ला करतात. गंधकापुढे निकेलची संमिश्रे विशेष दुबळी ठरतात, म्हणून माल आधी धुऊन आणि कोरडा करूनच आत ठेवावा. कोळशाच्या भुकटीत माल पुरून तापवण्याचे काम असेल, तर ऑक्सिजन कमी असलेल्या त्या वातावरणात 800 ते 950 अंशांच्या पट्ट्यात नायक्रोममधील क्रोमियम आतल्या आत पोखरले जाते आणि तार तुटल्यावर तिचा छेद हिरवट दिसतो. ग्रीन रॉट म्हणतात तो हाच. अशा कामाला लोह-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमच अधिक योग्य.

लांबी, जाडी आणि पृष्ठभार

आता मूळ हिशेब. 3000 वॅटला 230 व्होल्टने भागले की 13.04 अँपिअर, आणि 230 ला 13.04 ने भागले की 17.6 ओहम. हा तापलेल्या तारेचा रोध झाला. कँथल ए-1 चा रोध 1000 अंशांना 1.04 पट होतो, म्हणून थंड असताना तो सुमारे 16.95 ओहम असावा.

18 गेजच्या तारेचा रोध मीटरला 1.24 ओहम, म्हणजे लांबी 13.6 मीटर. 16 गेजला मीटरला 0.70 ओहम, म्हणजे लांबी 24.3 मीटर. दोन्हींचे वॅट तेच, अँपिअर तेच. परंतु 18 गेजच्या एक मीटर तारेचा पृष्ठभाग 38.3 चौरस सेंटीमीटर असल्याने पूर्ण कॉइलचा पृष्ठभाग 522 चौरस सेंटीमीटर भरतो, आणि 3000 वॅट त्यातून बाहेर पडताना प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर 5.7 वॅट येतात. 16 गेजमध्ये पृष्ठभाग 1240 चौरस सेंटीमीटर होतो आणि भार 2.4 वॅटवर उतरतो.

यालाच पृष्ठभार म्हणतात, आणि माझ्या मते कॉइलच्या चिठ्ठीवर वॅटच्या शेजारी हा आकडा छापलाच पाहिजे. पृष्ठभार जितका अधिक, तितकी ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी तारेला भट्टीपेक्षा अधिक तापावे लागते. उद्यमनगरातील भट्टीचे थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) 800 अंश दाखवत असताना तार त्याहून फार वर गेलेली होती, आणि विटेच्या खाचेत जिथे ती थोडी दाबली गेली होती तिथे तर आणखीच. ती नेमकी तिथेच तुटत असे. खाचेत बसवलेल्या कॉइलसाठी, 900 ते 1000 अंशांच्या भट्टीत, कँथलला चौरस सेंटीमीटरमागे दोन ते तीन वॅट आणि नायक्रोमला दीड ते दोन वॅट धरून मी चालतो. कारखान्यांच्या तक्त्यांत याहून मोठे आकडे सापडतील, पण ते उत्तम आधार आणि नेमके नियंत्रण गृहीत धरलेले असतात.

हीच कॉइल 16 गेजच्या 80-20 नायक्रोममध्ये केली तर रोध मीटरला 0.525 ओहम, 1000 अंशांचा गुणक 1.05, म्हणून लांबी 32 मीटर आणि पृष्ठभार 1.84 वॅट येतो. वजनाचाही फरक पाहावा. कँथल सुमारे 360 ग्रॅम लागते आणि नायक्रोम सुमारे 560 ग्रॅम. तार किलोच्या भावाने मिळते आणि निकेलमुळे नायक्रोमचा भाव मुळातच चढा असतो, हे लक्षात घेतले की खर्चातील तफावत किलोच्या भावावरून वाटते त्याहून मोठी निघते.

पुरवठ्याचे व्होल्ट ठरवल्याप्रमाणे राहतातच असे नाही. कॉइलचे वॅट व्होल्टच्या वर्गाप्रमाणे बदलतात: 210 व्होल्टला हीच कॉइल अडीच किलोवॅटवर येते आणि 245 व्होल्टला 3.4 किलोवॅटवर जाते. ज्या भागात रात्री व्होल्ट चढतात तिथे पृष्ठभाराचा हिशेब चढलेल्या व्होल्टवरच करावा. तीन फेजच्या भट्टीत स्टारमध्ये जोडायच्या कॉइली चुकून डेल्टात जोडल्या गेल्या, तर वॅट तिप्पट होतात आणि पृष्ठभारही तिप्पट. कॉइल बदलताना ही जोडणी आधी कागदावर उतरवून घ्यावी.

गुंडाळणे आणि बसवणे

तार लेथवर अगदी हळू फिरणाऱ्या सळईवर, शेजारी-शेजारी वेढे टेकवून गुंडाळावी. कॉइलचा बाहेरचा व्यास तारेच्या व्यासाच्या पाच-सहा पट असावा. त्याहून मोठी कॉइल तापल्यावर बसते आणि त्याहून लहान कॉइलचे वेढे गुंडाळतानाच चिरण्याची भीती असते. 16 गेजसाठी 6 मिलिमीटरची सळई घेतली तर एका वेढ्याला सुमारे 24 मिलिमीटर तार लागते. 24.3 मीटरचे एक हजाराहून थोडे अधिक वेढे होतात आणि टेकवलेल्या कॉइलची लांबी सुमारे 1.65 मीटर भरते. सळई काढल्यावर कॉइल थोडी उसळून सैल होते, म्हणून वेढे मोजून थांबू नये. तारेची लांबी आधीच मोजून कापावी आणि दोन्ही टोकांना शेपटीसाठी जादा तार सोडावी. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हे काम करू नये, कारण ताणलेली तार सुटली तर डोळ्यावर येते.

कॉइल अडीचपट ताणली की सुमारे 4.1 मीटर होते. ताणताना दोन्ही टोके धरून एकदम ओढावी, म्हणजे अंतर सारखे पडते; कुठे दोन वेढे जवळ राहिले तर ते एकमेकांना तापवतात आणि तार पहिल्यांदा तिथेच तुटते. आपल्या पोकळीत 30 सेंटीमीटरची एक खाच धरली तर 14 खाचा लागतात: डाव्या भिंतीत 5, उजव्या भिंतीत 5 आणि तळाला 4. तळाच्या खाचांवर सिरॅमिकची पातळ फरशी ठेवावी, अन्यथा पोलादावरून गळणाऱ्या लोखंडाच्या खपल्या तारेवर पडून अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर फोडतात. तार बसवण्यासाठी सोडियम सिलिकेट असलेला सिमेंट वापरू नये. त्यातील अल्कली तोच थर खाते. खाचेच्या कडा वापरून कॉइल अडकवावी, आणि गरज पडली तर त्याच संमिश्राच्या तारेच्या पिना विटेत रोवाव्यात.

टोकांची शेपटी हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. भिंतीतून जाणाऱ्या तारेला उष्णता टाकायला जागा नसते, म्हणून तिथे ती एकेरी राहिली तर लाल होऊन जळते. शेपटी त्याच तारेच्या दुसऱ्या पदरासोबत पिळून दुहेरी करावी. तिचा रोध निम्मा होतो, पृष्ठभाग दुप्पट होतो, आणि पृष्ठभार चौथाईवर येतो. पिळलेली शेपटी सिरॅमिकच्या नळीतून बाहेर काढून पितळी किंवा स्टेनलेसच्या बोल्टच्या टर्मिनलला आवळावी. टर्मिनल भट्टीच्या मागील बाजूस, हवा लागेल असे असावे. टिनाची झाळ इथे चालत नाही, आणि तुटलेली कॉइल पिळून पुन्हा जोडणे ही तात्पुरती सोयसुद्धा मानू नये. पिळाच्या ठिकाणी स्पर्शाचा रोध वाढून तार पुन्हा तिथेच तुटते.

वायरिंग अधिकृत वायरमनकडूनच करून घ्यावे. 13 अँपिअर तासन्‌तास चालणार असल्याने प्लग-सॉकेट न वापरता थेट आयसोलेटर आणि 16 अँपिअरचा एमसीबी लावावा, तांब्याची 4 चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी आणि भट्टीजवळचा तुकडा उष्णता सोसणाऱ्या वेष्टनाचा असावा. तापलेली वीट पूर्ण विद्युतरोधक राहत नाही, म्हणून भट्टीच्या पत्र्याला पक्के अर्थिंग हवे, आणि दार उघडताच फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच हवा. आतील तार उघडी असते आणि तिला लोखंडी चिमटा लागू शकतो, हे कायम ध्यानात ठेवावे. सॉलिड स्टेट रिले बिघडला तर तो बहुधा चालूच राहतो, त्यामुळे त्याच्या आधी एक कॉन्टॅक्टर आणि अति-तापमानाला तो तोडणारी वेगळी व्यवस्था असल्याशिवाय रात्री भट्टी एकटी सोडू नये.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद पडून राहिलेल्या भट्टीच्या विटा हवेतील ओल शोषून घेतात. अशी भट्टी सुरू करण्यापूर्वी 500 व्होल्टच्या मेगरने (विद्युतरोधन तपासणाऱ्या मीटरने) कॉइल आणि पत्रा यांच्यामधील रोध पाहावा. तो एक मेगओहमपेक्षा कमी असेल तर आधी बाहेरून गरम हवा देऊन वीट सुकवावी. मग दार किंचित उघडे ठेवून 100 ते 150 अंशांवर काही तास, त्यानंतर 300 आणि 600 अंशांवर थांबत थांबत वर जावे. नवी कँथलची कॉइल असेल तर विटांची प्रत परवानगी देत असल्यास रिकामी भट्टी एकदा 1050 अंशांपर्यंत नेऊन सात ते दहा तास ठेवावी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पहिला थर घट्ट बसतो. त्यानंतर थंड कॉइलला हात लावून ती सारखी करण्याचा मोह टाळावा. काही सरळ करायचेच असेल, तर वीज पूर्ण बंद करून, तार मंद लाल असताना करावे.

मोजणारी संमिश्रे

भट्टी तापवणाऱ्या तारेला मोठा रोध हवा असतो; प्रवाह किंवा वजन मोजणाऱ्या उपकरणांना तापमानाने न बदलणारा रोध हवा असतो. तांब्यात सुमारे 12 टक्के मँगनीज आणि थोडे निकेल मिसळून केलेले मँगनिन हे यासाठीच आहे. एडवर्ड वेस्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टंटन आणि मँगनिन ही दोन्ही संमिश्रे पुढे आणली. खोलीच्या तापमानाच्या आसपास मँगनिनचा रोध दर अंशाला एक लाखात साधारण एका भागाने बदलतो, तांब्याच्या बदलाच्या काहीशेव्या हिश्श्याइतका. हुपरीसारख्या चांदीकामाच्या गावात मुलाम्याच्या रेक्टिफायरवर दिसणारा जाड पट्ट्यांचा शंट (मोठा प्रवाह मोजण्यासाठी वाटेत बसवलेला अगदी लहान रोध) बहुधा मँगनिनचाच असतो. 100 अँपिअरला 75 मिलिव्होल्ट देणाऱ्या शंटचा रोध फक्त 0.75 मिलिओहम असतो. त्यावरचा मापनाचा स्क्रू आणि प्रवाहाचा बोल्ट वेगवेगळे असतात, कारण चार टोकांच्या पद्धतीचे तत्त्व तिथेही तेच आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्याखालील लोड सेलमध्ये कॉन्स्टंटनसारख्या संमिश्राची पातळ पट्टी चिकटवलेली असते. उसाच्या ट्रकच्या भाराने पोलाद किंचित ताणले की पट्टीही ताणते, तिचा रोध बदलतो, आणि उन्हात सेल तापला तरी त्यातील बदल नगण्य राहतो म्हणूनच वजन विश्वासार्ह येते.

भट्टीच्या थर्मोकपलमध्येही दोन निकेल-संमिश्रे असतात, क्रोमेल आणि अ‍ॅल्युमेल. ती अंशाला सुमारे 41 मायक्रोव्होल्ट देतात. त्यांच्या डोक्यापासून (भट्टीबाहेरच्या जोडणीच्या डबीपासून) कंट्रोलरपर्यंत साधी तांब्याची वायर ओढण्याची चूक फार होते. डोके 60 अंशांवर आणि पॅनेल 30 अंशांवर असेल, तर वाचन 30 अंशांनी कमी येते आणि भट्टी तेवढीच जादा तापते. त्याच प्रकारची कॉम्पेन्सेटिंग केबल, धन-ऋण तपासून, लावावी.

नोंदवही

नवी कॉइल बसली की पहिल्या आठवड्यात, भट्टी पूर्ण तापलेली असताना, व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही लिहून ठेवावेत आणि त्यांचा भागाकार म्हणजे रोध शेजारी मांडावा. फक्त अँपिअर लिहिले तर व्होल्टच्या चढ-उतारात काहीच कळत नाही. तार झिजत गेली की हा रोध हळूहळू वाढतो, कारण आतला धातू गंजात जाऊन काटछेद कमी होतो. पहिल्या आकड्यापेक्षा तो दहा टक्क्यांनी वाढला की मी नवी तार मागवतो, आणि तुटण्याची वाट न पाहता सुट्टीच्या दिवशी कॉइल बदलतो. उद्यमनगरातील त्या भट्टीत 16 गेजची कॉइल बसवली तेव्हा वहीत 230 व्होल्टला 13.0 अँपिअर, म्हणजे 17.7 ओहम, अशी नोंद झाली. पुढच्या पावसाळ्यानंतर ती 17.9 ओहम होती, आणि त्या चार महिन्यांत कॉइल एकदाही तुटली नाही.